ऐकायला बसवलेला माणूस

माझ्या वडिलांना भाषणं ऐकण्याचा पगार मिळत असे. नातवंडांना हे सांगितलं की ती हसतात. हल्ली भाषणं ऐकायला माणसं भाड्याने आणतात हे त्यांना माहीत आहे, तेव्हा पणजोबाही त्यातलेच कोणीतरी असावेत असा त्यांचा समज होतो. तसं नव्हतं. अण्णा, म्हणजे आमचे वडील, हैदराबाद संस्थानच्या पोलीस खात्यात तर्जुम्याच्या कामावर होते. तर्जुमा म्हणजे भाषांतर. शहरात मराठीतून जाहीर सभा असली की पहिल्या रांगेच्याही पुढे एक लहानसं टेबल आणि एक खुर्ची मांडली जाई. त्या खुर्चीत अण्णा शेरवानी आणि काळी टोपी घालून बसत आणि वक्ता मराठीत जे बोलेल ते उर्दूत उतरवून घेत. दुसऱ्या दिवशी ते साहेबांसमोर जाई. त्यात काही आक्षेपार्ह निघालं तर वक्त्यावर जबानबंदी येई. म्हणजे यापुढे त्याने कुठल्याही सभेत तोंड उघडायचं नाही असा सरकारी हुकूम. त्याउपर उघडलंच, तर तुरुंग.

शहराच्या कोठी भागात आमचं मराठी वाचनालय होतं आणि गणपतीत तिथे व्याख्यानमाला होई. सभेला परवानगी लागे आणि ती मागताना विषय कळवावा लागे. राजकारण हा विषय चालत नसे, म्हणून वाचनालयाने इतिहास घेतला. इतिहासातले राजे फार लढाया करतात असं सरकारच्या लक्षात आलं, तेव्हा वाचनालय साहित्याकडे वळलं. पुढे कवीही संशयित ठरले. मग उरले संत. संतांवर सरकारचा विश्वास होता, कारण त्यांनी कोणाकडे राज्य मागितल्याची नोंद नव्हती. अशा रीतीने आमच्या व्याख्यानमालेतले थोर पुरुष वर्षागणिक अधिकाधिक विरक्त होत गेले, आणि लहानपणी माझी अशी ठाम समजूत होती की थोर होण्यासाठी माणसाला आधी अन्न सोडावं लागतं.

अण्णा आल्याशिवाय सभा सुरू होत नसे. लिहिणारा हजर नसताना बोलणं हाच गुन्हा होता, त्यामुळे सगळे त्यांची वाट पाहत. एकदा त्यांची सायकल पंक्चर झाली, तर अध्यक्षांनी भरलेलं सभागृह तसंच बसवून ठेवलं आणि चिटणीस रस्त्यावर जाऊन उभे राहिले. पुण्याहून आलेल्या पाहुण्या वक्त्याला हा काय प्रकार आहे ते कळेना. अण्णा घाम पुसत आत आल्यावर त्याने विचारलं, "हे गृहस्थ कोण?" चिटणिसांनी "हे आमचे जावई" म्हणावं तशा सुरात सांगितलं, "हे आमचे सीआयडी." आणि अण्णांच्या हातात पानाचा विडा दिला. पाहुणा त्या दिवशी नामस्मरणाच्या महत्त्वापलीकडे गेला नाही.

आम्ही बायका एका बाजूला चिकाच्या, म्हणजे बांबूच्या कामट्यांच्या, पडद्याआड बसत असू. मी तेव्हा शाळेच्या वरच्या वर्गात होते आणि पडद्याच्या फटीतून मला वक्त्यापेक्षा अण्णाच जास्त दिसत. त्यांचं कलम उजवीकडून डावीकडे सरसर धावे. वक्ते त्यांना सांभाळून घेत. एक जण तर महत्त्वाचं वाक्य संपलं की थांबून विचारी, "मुन्शीजी, झालं का?" अण्णा मान हलवत, मग पुढचं वाक्य.

आता अण्णा नेमकं काय लिहीत, ते साऱ्या शहराला ठाऊक होतं आणि कोणी बोलत नव्हतं. ते भाषण थंड करून लिहीत. वक्ता 'जुलूम' म्हणाला तर अण्णा 'तकलीफ' लिहीत. 'बेड्या' म्हणाला तर 'अडचणी'. 'पेटून उठा' म्हणाला तर 'मन लावून काम करा' अशा अर्थाचं काहीतरी. ते म्हणत, "उर्दू मोठी अदबीची जबान आहे. तिच्यात माणूस रागावला तरी समोरच्याला आधी बसायला सांगतो." एक तरुण मास्तर होता. घरात लहान लेकरं, आणि व्यासपीठावर चढला की त्याला काही भान राहत नसे. अण्णांच्या तर्जुम्यात तो इतका सौम्य उतरे की एकदा खुद्द मोहतमीमसाहेब, म्हणजे अण्णांचे वरिष्ठ, वाचून हसले आणि म्हणाले, "मुन्शीजी, आप के लोग बहोत ठंडे हैं." अण्णांनी घरी येऊन हे सांगितलं तेव्हा आईने देवापुढे साखर ठेवली. मोहतमीमसाहेबांना सगळं समजत होतं की काहीच नाही, याचा उलगडा अण्णांना कधी झाला नाही.

आता वकीलकाका. नल्लकुंट्यात आमच्याच गल्लीत ते राहत. ते आणि अण्णा उर्दू शाळेत एका बाकावर शिकलेले, मौलवीसाहेबांची छडी वाटून खाल्लेले. शहरातल्या मराठी वक्त्यांत वकीलकाकांचा आवाज पहिला. चिकाआडची तान्ही पोरं दचकून उठत. दरवर्षी त्यांचं एक व्याख्यान ठरलेलं असे, आणि थोर पुरुष कोणताही असो, भाषण एकाच वाटेने चढे. लोक चटया सोडून पुढे सरकत. "ज्या राज्यात आपल्या लेकराला आईच्या बोलीत चार अक्षरं शिकायची सोय नाही, त्या राज्याला—" इथपर्यंत वकीलकाका येत. मग टेबलावरचं पाणी पीत आणि खालच्या पट्टीत म्हणत, "सुज्ञांस अधिक सांगणे न लगे."

टाळ्यांचा कडकडाट होई. सुज्ञ मंडळी तृप्त होऊन घरी जात. सुज्ञांना सगळं आधीच ठाऊक असेल तर त्यांना कोठीपर्यंत तंगडतोड कशाला करायला लावता, असं मला त्या वयात वाटे आणि मी ते बोलूनही दाखवी. अण्णा म्हणत, "वकीलसाहेबांचं भाषण मला सगळ्यात सोपं जातं. थंड करावं लागत नाही. गारच येतं."

वकीलकाकांना भित्रा म्हणायचं मात्र काही कारण नव्हतं. वकिलीची सनद गेली असती तर घर उघड्यावर आलं असतं, आणि उपवर मुली घरात असताना माणूस पाणी प्यायला थांबतो हे मला पुढे कळलं. शिवाय काळ कठीण होत चालला होता. सगळ्या देशाला स्वातंत्र्य मिळालं तो दिवस आमच्याकडे नुसता शुक्रवार होता. संस्थानात शुक्रवारी सुट्टी असे, त्यामुळे आम्हाला सुट्टी मिळाली, पण ती शुक्रवारची. नंतरचं वर्ष फार वाईट गेलं. पुष्कळ घरांना कुलपं लागली, पुष्कळ माणसं संस्थानच्या सरहद्दीपलीकडे निघून गेली. व्याख्यानं बंदच झाली. संतांवरसुद्धा कोणी बोलेना. अण्णा रोज कामावर जात आणि घरी येऊन कोणाशी न बोलता जेवत.

पुढच्या सप्टेंबरात फौजा आल्या, पोलीस अ‍ॅक्शन झाली आणि आमच्या गल्लीत देशभक्तांचं पीक आलं. इतके देशभक्त आधी असते तर फौजांना यायची तसदी पडली नसती. जो तो सांगू लागला की आपण तेव्हा काय काय केलं होतं. अण्णांच्या कचेरीमागच्या अंगणात जुन्या कागदांच्या होळ्या पेटल्या, त्यामुळे खरंखोटं पाहायची सोयही राहिली नाही. मोहतमीमसाहेबांची जागा गेली. त्यांच्या मोहल्ल्यात त्या दिवसांत काय काय झालं ते अण्णांनी घरी सांगितलं नाही, पण ते एकदा संध्याकाळी त्यांच्याकडे जाऊन आले आणि न जेवता झोपले. अशांच्या सत्कारासाठी कुठली समिती नेमली गेली नाही.

आमच्यासाठी नेमली गेली. वाचनालयाने ठरवलं की ज्यांनी सोसलं त्यांचा जाहीर सत्कार करायचा. सोसलं तर सगळ्यांनीच होतं आणि व्यासपीठ लहान. तेव्हा समितीने नियम केला, की ज्यांना तुरुंगवास किंवा जबानबंदी झाली असेल त्यांनीच वर खुर्चीवर बसावं. बाकीच्यांची सोय खाली सतरंजीवर, पहिल्या रांगेत, मानाने.

वकीलकाकांना दोन्ही झालेलं नव्हतं. त्यांच्या कारकुनाला झालं होतं. हा गडी एकदा कोथिंबीर आणायला बाजारात गेला, सत्याग्रह्यांच्या गर्दीत सापडला आणि पोलिसांनी त्यालाही गाडीत घातलं. चांगला महिनाभर आत होता. कोथिंबिरीची गोष्ट तो कोणाला सांगत नसे, पण त्याची बायको सांगे. समितीने त्याची खुर्ची नक्की केली.

मग एका रविवारी सकाळी वकीलकाका आमच्याकडे आले. अण्णा ओसरीवर सुपारी कातरत होते. वकीलकाका बसले नाहीत.

"मुन्शी, मला जबानबंदी का आली नाही, सांग."

अण्णा अडकित्ता चालवत राहिले.

"त्या मास्तराला तू वाचवलंस. एका कीर्तनकाराला वाचवलंस. अख्ख्या हैदराबादला मालूम आहे. मग मलाही तूच वाचवलंस, हे उघड आहे का नाही? माझं भाषण तू थंड करून पाठवलंस. मी कुठे शिकायत करतोय? पण आता एवढा इंतजाम कर. सत्काराच्या दिवशी चार लोकांत उभं राहून सांग, की वकील असं असं बोलला होता आणि मी ते दाबलं."

मी दारातून त्यांचा चेहरा पाहत होते. हा माणूस खोटं बोलत नव्हता. मधल्या वर्षांत त्यांनी ते वाक्य मनातल्या मनात इतक्या वेळा पुरं केलं होतं, की एखाद्या वेळी ते तोंडावाटे बाहेर पडलं असणारच, अशी त्यांची खात्री होऊन बसली होती.

"खुर्चीची हौस नाही रे मला," ते म्हणाले, आणि आता त्यांचा तो सभा हलवणारा आवाज चिरकला. "पण माझा कारकून वर बसणार आणि मी त्याच्या पायाशी. उद्या नातू विचारील, आजोबा, तुम्ही तेव्हा कुठे होता? मी बोलतच होतो, यार. मी एकटाच दरवर्षी बोलत होतो."

"बघू," अण्णा म्हणाले.

ते गेल्यावर मी उसळले. त्या वयात मला सत्याचा फार पुळका होता. "अण्णा, ते कधीच काही बोलले नव्हते! सांगणे न लगे, म्हणून पाणी प्यायचे!"

आई परभणीकडची, शेतकऱ्याची लेक. तिने स्वयंपाकघरातून आपलं मत दिलं. "इतकी वर्सं सरकारला खोटं सांगू लालाव, आता दोस्तासाठी एकडाव सांगा की. पण नोकरी गेली तर सांगून ठेवते, पोरीला घेऊन वकिलाच्या पंगतीला जाऊन बसंन."

नोकरीचा प्रश्न खरा होता. अण्णांच्या खात्यात बाहेरून नवे साहेब आले होते आणि जुन्या माणसांची छाटणी चालली होती. जो माणूस जुन्या सरकारला खोटं लिहून देत होता तो नव्याला खरं देईल कशावरून, असं ते कधीही विचारू शकत होते. नव्या सरकारलाही सभांमधून ऐकणारी माणसं लागतच होती. टेबल तेच होतं, खुर्ची तीच होती, फक्त आता दुसऱ्या लोकांची भाषणं ऐकायची होती.

अण्णांनी मला जवळ बोलावलं. "तो थांबायचा तेव्हा कुठे बघायचा, पाहिलंस का?"

"पाण्याच्या पेल्याकडे."

"त्याच्या आधी. माझ्याकडे बघायचा. आणि मी कलम घेऊन बसलेला. हुकूम निघाला नाही म्हणून काय झालं? त्याची जबान मीच बंद केली."

"ती त्यांची भीती होती, अण्णा. तुमचा काय संबंध?"

"भीतीला समोर कोणीतरी बसलेला लागतो, बेटा," अण्णा म्हणाले आणि पुन्हा सुपारी कातरू लागले. मला हे पटलं नाही. मित्रासाठी खोटं बोलायचं ठरवलंय आणि आता त्याला शास्त्राधार शोधतायत, असंच मला वाटलं.

सत्काराच्या दिवशी वाचनालयाचं सभागृह तुडुंब भरलं होतं. बायकांपुढचा चिक काढून टाकलेला होता. स्वातंत्र्याचा मला झालेला हा पहिला रोख फायदा. व्यासपीठावर खुर्च्यांची दाटी, त्यात कारकून नव्या टोपीत, पाय कुठे ठेवावेत या विवंचनेत. खाली सतरंजीवर वकीलकाका पाठ ताठ ठेवून बसलेले. आणि पहिल्या रांगेपुढे ते लहान टेबल आणि ती खुर्ची. ती मांडायला कोणी सांगितलं नव्हतं. सतरंज्या घालणाऱ्यांच्या हाताला सवय होती, त्यांनी मांडली. अण्णा आत आले तेव्हा चिटणिसांनी हसून विडासुद्धा दिला. अण्णा खुर्चीजवळ क्षणभर घुटमळले आणि बसले नाहीत.

अध्यक्ष म्हणून तुरुंगातून आलेले एक पुढारी होते. मोठा माणूस, त्यागी माणूस, आणि तुरुंगातून आल्यापासून फार सावकाश बोलत. वकीलकाकांनी त्यांना आधी सांगून ठेवलं होतं, तेव्हा त्यांनी अण्णांना वर बोलावलं. अण्णांनी ठरलेलं एक वाक्य सांगितलं. वकीलसाहेबांचं भाषण जबानबंदीच्या लायकीचं होतं, पण मी ते तसं लिहिलं नाही. कोणीतरी टाळी वाजवली. अण्णा वळले. वकीलकाका उठायच्या बेतात होते.

"थांबा," अध्यक्ष सावकाश म्हणाले. "ते काय बोलले होते, हे सभेला ऐकायला आवडेल. आपल्याला आठवत असेलच. आपलं कामच ते होतं."

हे कोणी धरलेलं नव्हतं. वकीलकाका अर्धे उठलेले तसेच खाली बसले. अण्णा जन्मात कधी सभेत बोलले नव्हते. घरात सत्यनारायणाला आलेल्या पाहुण्यांना 'या, बसा' म्हणायचंसुद्धा ते आईवर सोपवत. आता खोटं उघडं पडणार, आता दोघांचीही शोभा होणार, असं वाटून मी डोळे मिटले.

"वकीलसाहेब म्हणाले," अण्णांचा आवाज आला, "ज्या राज्यात आपल्या लेकराला आईच्या बोलीत चार अक्षरं शिकायची सोय नाही, त्या राज्याला..."

सभेत हसू पसरलं. वाक्य सगळ्यांच्या ओळखीचं होतं. लोक टाळ्यांना हात तयार करून बसले. अण्णा थांबले नाहीत.

"...त्या राज्याला आपण भितो, आणि ते राज्य आपल्याला भितं. एकमेकांना भिऊन दोघं इतकी वर्षं सुखाने नांदतो आहोत. ते म्हणाले, जुलूम करायला राजाला हजार हात लागतात. ते त्याच्या अंगाला फुटत नाहीत. ते आपल्या घरांतून जातात. सकाळी आंघोळ करून, देवाला फूल वाहून, जेवणाचा डबा घेऊन जातात."

मी डोळे उघडले. अण्णा समोर पाहत नव्हते. ते खालच्या त्या रिकाम्या खुर्चीकडे पाहत होते.

"मग वकीलसाहेबांनी माझ्याकडे बोट केलं. म्हणाले, हा बसलाय तो माझा शाळासोबती. सरकारने याला माझं बोलणं ऐकायला बसवलंय. हा वाईट माणूस नाही. माझे शब्द हा मऊ करून वर पाठवील, मला मालूम आहे. याने कोणाचं वाटोळं केलं नाही, म्हणून याला रोज झोपही लागते. पण मी याला विचारतो, बाबा रे, या शहरातली सगळी भाषणं तुझ्या कानांतून गेली. त्यांत तुझं एक तरी वाक्य आहे का? आम्ही बोललो, चुकलो, घाबरून अर्ध्यात थांबलो. तू काय केलंस? तू आम्हाला सांभाळलंस. तुला वाटतं, तेवढ्याने भागलं?"

टाळ्यांसाठी तयार ठेवलेले हात लोकांनी खाली घेतले.

"एवढं ते बोलले," अण्णा म्हणाले. "मी लिहिलं नाही." आणि खाली उतरून ते मागे दाराशी जाऊन उभे राहिले.

मग टाळ्या सुरू झाल्या आणि थांबेनात. तो तरुण मास्तर खाली सतरंजीवर बसून उघड उघड रडत होता. अध्यक्षांनी चष्मा पुसला आणि वकीलकाकांना विचारलं, "हे आपले शब्द?"

वकीलकाका उभे राहिले. खालच्या कोर्टापासून वरच्या कोर्टापर्यंत या माणसाला कधी शब्द कमी पडला नव्हता. त्यांनी मागे दाराकडे पाहिलं. मग सगळी सभा आपल्याकडे पाहते आहे हे त्यांच्या ध्यानात आलं असावं. "होय," ते म्हणाले.

व्यासपीठावर एकही खुर्ची शिल्लक नव्हती. स्वयंसेवकांनी खालची, टेबलाजवळची, अण्णांची खुर्ची उचलली आणि वर नेऊन कारकुनाशेजारी ठेवली. वकीलकाका तिच्यावर बसले. त्यांच्या गळ्यात हार पडला. मला रडू आलं आणि संतापही आला. माझ्या बापाने आयुष्यात एकच भाषण केलं, शहरात त्याआधी आणि त्यानंतर तसं कोणी केलं नाही, आणि तेसुद्धा दुसऱ्याच्या नावावर जमा करून तो चपलांच्या ढिगाजवळ उभा होता. आजही ते आठवलं की मला अण्णांचा राग येतो. आता विद्यानगरला मुलाकडे राहते, वय झालं, सगळ्यांचं सगळं विसरत चालले आहे, पण हे विसरत नाही आणि माफही करत नाही.

वकीलकाकांचं ते भाषण पुढे फार गाजलं. राज्याचे तीन तुकडे होऊन आमची अर्धी माणसं मुंबई राज्यात गेली, ती जाताना ते बरोबर घेऊन गेली. सभांमधून त्याचे दाखले निघत. शहरातल्या थोर पुरुषांवर व्याख्यानं होऊ लागली तेव्हा त्यांत वकीलकाकांची वर्णी लागली आणि ते कसे सरकारच्या माणसाकडे थेट बोट रोखून बोलले, याचं वर्णन करताना वक्ते स्वतःही बोट रोखत. हजेरीला मी असे. सरकारच्या माणसाचं पुढे काय झालं ते कोणी विचारलं नाही. नव्या साहेबांच्या कानावर ही सभा गेली आणि अण्णांना ऐकण्याच्या कामावरून काढून शाळेच्या पुस्तकांच्या तर्जुम्याकडे पाठवण्यात आलं. निवृत्त होईपर्यंत ते उर्दू अंकगणितातले हौद मराठी नळांनी भरत राहिले. आईला वकिलाच्या पंगतीला जावं लागलं नाही.

पण त्या सभेनंतरच्या रविवारचं सांगायचं राहिलं. वकीलकाका सकाळीच आले. अंगात कोट नाही, डोक्यावर टोपी नाही. ओसरीवर अण्णांसमोर बसले. ते न बोलता बसलेले मी पहिल्यांदाच पाहत होते. चहा घेऊन मी आतल्या दारापर्यंत आले होते.

"मुन्शी," शेवटी वकीलकाका म्हणाले, "ते सगळं मी खरंच बोललो असतो, तर तू वर लिहून पाठवलं असतंस?"

यात विचारायचं काय होतं? ज्याने परक्या मास्तराला वाचवलं तो बालमित्राला अडकवणार होता का? अण्णा पटकन 'नाही' म्हणतील आणि हे प्रकरण एकदाचं मिटेल म्हणून मी वाट पाहत राहिले. अण्णांनी मान वर केली नाही.

"मालूम नाही, यार," ते म्हणाले.

वकीलकाका रागावले नाहीत. त्यांनी हळूहळू मान हलवली.

"मलाही मालूम नव्हतं," ते म्हणाले. "दरवर्षी तिथपर्यंत यायचो, तुझ्याकडे बघायचो, आणि मला मालूम नसायचं."

माझ्या हातातला चहा निवत चालला होता. पण त्या दोघांपुढे जायला माझा पाय उचलेना.